बाद झाले तरी चार स्टार: सोलापुरातली नकाशाची शर्यत

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. ही शर्यत मी पूर्ण केली, चौदाच्या चौदा ठिकाणं हुडकली, आणि निकालात माझ्या नावापुढे ‘बाद’ लिहिलंय. तरी चार स्टार देतेय. पाचवा का नाही ते पुढे येईलच, पण त्याचा माझ्या बाद होण्याशी संबंध नाही.

मी पिग्मी एजंट. एका पतसंस्थेसाठी एकोणीस वर्षं झाली, रोज संध्याकाळी साडेपाच ते नऊ गळ्यात मशीन अडकवून फिरते. विजापूर वेस, माणिक चौक, दत्त चौक, नवी पेठ ही माझी लाईन. कुणाचे पन्नास, कुणाचे दोनशे. कुठल्या बोळात दिवा नाही, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच अंगावर येतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. त्यामुळे इंजिनिअरिंगला असलेला भाचा जेव्हा म्हणाला, ‘मावशी, नवी पेठेत नकाशा घेऊन पळायची शर्यत आहे, तुझं नाव टाकू का,’ तेव्हा मला हसू आलं. मला नवी पेठेत नकाशा! सासूबाईंना त्यांच्याच स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे ते चिठ्ठीवर लिहून देण्यातला प्रकार.

फी साडेचारशे रुपये. वर वेळ नोंदवणाऱ्या, बोटात घालायच्या काडीचं पाचशे डिपॉझिट, ते परत मिळतं. मिळालं, लगेच मिळालं, सुट्ट्याची भानगड केली नाही. साडेचारशेत नंबरचा कागद, नकाशा, टी-शर्ट, मेडल आणि नाश्ता. नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला होती, गरम होती आणि शेंगदाणे भरपूर होते. टी-शर्टबद्दल न बोललेलं बरं. सगळ्यांना एकच साईज काढली होती, माझ्यात माझा भाचा आणि मी दोघं मावलो असतो.

गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उतरून होम मैदान मोकळं झालं होतं, फेब्रुवारीतला रविवार. सात वाजता बोलावलं होतं. मी पावणेसातला हजर. पुण्याहून आलेली पोरं तंबू ठोकत होती. साठ-सत्तर माणसं असतील. निम्मी कॉलेजची, काही पोलीस भरतीची तयारी करणारी, काही नेहमीची मॅरेथॉनवाली, ज्यांच्या हातात ते मोठं घड्याळ असतं. वयाप्रमाणे गट होते. माझा गट डब्ल्यू ४५, म्हणजे पंचेचाळीसच्या पुढच्या बायका. आम्ही तिघीच. त्यातल्या एक बाई आदल्या रात्री रेल्वेने आलेल्या, पायात पट्ट्या बांधून उड्या मारत होत्या. मी पंजाबी ड्रेसवर आणि रोजच्या चालायच्या बुटांवर.

खेळ असा आहे. याला ओरिएंटियरिंग म्हणतात. तुमची वेळ झाली की नकाशा हातात देतात, आधी दाखवत नाहीत. एकेका मिनिटाने एकेकाला सोडतात, म्हणजे पुढच्याच्या मागे पळता येत नाही. नकाशावर जांभळा त्रिकोण म्हणजे सुरुवात, जांभळी वर्तुळं म्हणजे जायची ठिकाणं, वर्तुळात वर्तुळ म्हणजे शेवट. वर्तुळांना नंबर असतात, त्याच क्रमाने जायचं. मधून कसं जायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. ठिकाणावर नारिंगी-पांढऱ्या कापडाचा तिकोनी आकाशकंदील टांगलेला असतो, साधारण फूटभर उंचीचा, आणि त्याच्याजवळ एक डबी. डबीत बोटातली काडी घातली की पिप् वाजतं, दिवा लुकलुकतो, तुमची वेळ काडीत नोंदली जाते. डब्यांवर जे आकडे असतात ते ३१ पासून पुढे. मला हे फार आवडलं. अनुक्रम नंबर आणि डबीचा नंबर यांची गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम ३१ च्या खालचे आकडे वापरतच नाहीत. आमच्याकडे खाते नंबर आणि पावती नंबर सारखे दिसतात आणि दर महिन्याला कुणाचे तरी शंभर रुपये कुणाच्या तरी खात्यावर जातात. तिथे हे कुणाला सुचलं नाही.

आता तक्रार नंबर एक. सुरुवातीला सूचना द्यायच्या म्हणून एका पोराने माईक घेतला आणि नॉर्वेपासून सुरू केलं. ३१ ऑक्टोबर १८९७ ला ऑस्लोजवळ पहिली खुली शर्यत झाली, मग स्वीडनचे मेजर किलांडर, १९१९, मग १९६१ ला आंतरराष्ट्रीय संघटना. माहिती चांगली आहे हो, पण सगळी इंग्रजीत. ज्या गावात एका चहाच्या टपरीवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू चारी भाषांत उधारी मागतात, त्या गावात ह्या पोराला इंग्रजीच सापडली. माझ्या शेजारी उभे असलेले एक पोलीस भरतीवाले भाऊ मला विचारत होते, ‘ताई, ह्यो नियम सांगूलालाय का गोष्ट सांगूलालाय?’ आणि खरा नियम, ज्याने पुढे माझा घात केला, तो शेवटच्या दोन मिनिटांत उरकला.

नकाशाबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे, कारण साडेचारशेतले चारशे मी त्या कागदाचे समजते. पाण्याने न भिजणारा गुळगुळीत कागद, वहीच्या दोन पानांएवढा. प्रमाण १:४०००. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर हा रस्त्यावर चाळीस मीटर. इमारती करड्या, फरशी-डांबराची जागा फिकट तपकिरी, सिद्धेश्वर तलाव निळा, ओलांडता न येणारी भिंत जाड काळी. एकटं झाड असलं तर त्याची खूण. पायऱ्या असल्या तर पायऱ्या. विजापूर वेशीकडच्या एका बोळात तीन पायऱ्या उतरून जावं लागतं, तिथे मी पहिल्या वर्षी पडले होते. त्या पायऱ्या होत्या हो नकाशावर! कुणीतरी खरोखर बोळाबोळांतून पायी फिरून, एकेक कोपरा बघून हे काढलंय. गुगलवर तो बोळच नाही.

पण त्या नकाशावर एकही नाव नाही. ना चौकाचं, ना पेठेचं, ना देवळाचं. हा खेळच तसा आहे म्हणे, नुसते आकार वाचायचे.

इथे माझी पहिली फजिती. मी नावांवर चालणारी बाई. माझ्या डोक्यात गल्ली म्हणजे ‘भांडीवाल्याच्या पुढून उजवीकडे, पडदेवाल्याच्या समोर’. आणि एकोणीस वर्षांत मला एक गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती: मी हा सगळा भाग फक्त संध्याकाळी बघितलाय. दिवे लागलेले, शटरं वर, भजी तळल्याचा वास, बाहेर टांगलेले कुर्ते. रविवारी सकाळी साडेसातला सगळी शटरं खाली. एका ओळीत चाळीस करडी शटरं, त्यावर पिचकाऱ्या आणि जुनी पोस्टरं. भांडीवाला कुठला आणि पडदेवाला कुठला? पाट्या होत्या, पण पाट्या मी कधी वाचल्याच नाहीत, मी माणसं बघून आत शिरते. विजापूर वेशीपासून शंभर पावलांवर मी उभी आणि मला कळेना मी कुठे आहे. चौथ्या ठिकाणाला तेरा मिनिटं लागली. पावतीवर छापून आलंय, लपवायला जागा नाही.

त्याआधी दुसऱ्या ठिकाणाची गंमत सांगते. भुईकोट किल्ल्याच्या बाजूला एका लोखंडी कुंपणापाशी ते होतं. मी धावत गेले, कंदील दिसला, आनंदाने हात पुढे केला तर मध्ये कुंपण. कंदील पलीकडच्या बाजूला. हात घातला असता तर डबीपर्यंत पोचला असता, खरं सांगते. पण बाकावर एक आजोबा बसले होते, ते सकाळपासून हाच तमाशा बघत असणार. ते म्हणाले, ‘तिकडनं फिरून या बाई, सगळे फिरूनच जाऊलालेत.’ फिरून गेले. कुंपणाच्या कुठल्या बाजूला ते खरं तर ठिकाणांच्या चिठ्ठीवर दिलेलं असतं. पण ती चिठ्ठी सगळी खुणांची. बारीक चौकोनात टिंब, बाण, काळे त्रिकोण. जगभर ह्याच खुणा चालतात म्हणे, म्हणून जपानचा माणूस सोलापुरात येऊन पळू शकतो. जपानच्या माणसाची सोय झाली. नव्याने आलेल्यांसाठी मागच्या बाजूला मराठीत दोन ओळी छापल्या असत्या तर कागद काही जड झाला नसता.

पाचव्या ठिकाणानंतर मला सूर सापडला. भाच्याने आदल्या रात्री जेवणाच्या ताटावरच शिकवलं होतं, ‘मावशी, नकाशा सरळ धरायचा नाही. तू जिकडे वळशील तिकडे नकाशा फिरव, समोरचा रस्ता कागदावर पण समोरच आला पाहिजे. आणि अंगठा जिथे आहेस तिथे ठेव.’ त्यावेळी मी भाकरीकडे बघत होते. आता करून बघितलं. नकाशा घडी घालून पोस्टकार्डाएवढा केला, अंगठा मी होते तिथे ठेवला आणि वळण आलं की कागद वळवला. एकदम जमलं. शटरं दिसायची बंद झाली आणि बोळाचा आकार दिसायला लागला. हा बोळ पुढे रुंद होतो. ह्याला डावीकडे काटकोन आहे. ह्या भिंतीला खाच आहे. जिथून रोज जाते तिथे चक्क खाच आहे आणि खाचेत कुणीतरी जुना पाटा-वरवंटा टाकलाय.

अंगठ्यावर बांधायचा कंपास भाड्याने पन्नास रुपयांत देत होते. मी घेतला होता. शहरात तो फक्त नकाशा उत्तरेला लावायला कामाला येतो, बाकी फार नाही. आणि एक लक्षात ठेवा, लावलेल्या मोटारसायकलींच्या अगदी जवळ उभं राहून बघू नका, लोखंडाने सुई वळते. पेठेत मोटारसायकल नाही अशी जागा दाखवा! पन्नास रुपये वाचवले तरी चालतील.

आता बाद कशी झाले.

सातवरून आठला जायचं होतं. माणिक चौकाच्या मागच्या अंगाला एक जुना वाडा आहे. पुढचं दार एका बोळात, मागचं दार दुसऱ्या बोळात. मधल्या चौकात एक काकू राहतात, साड्यांना फॉल-पिको करतात, रोजचे शंभर रुपये. मी रोज पुढच्या दारातून शिरते, पैसे घेते, मागच्या दारातून निघते. त्याने अख्ख्या पेठेचा वळसा वाचतो. सातवर पिप् केलं, नकाशात बघितलं, आठ नंबर नेमका मागच्या बोळाच्या तोंडाशी. पायांनी विचारच केला नाही. उंबरा ओलांडला, काकू सडा घालून रांगोळी काढत होत्या.

‘अगं, आज रविवारी पण?’

‘नाही ओ काकू, नुसती चाललेय.’

‘मग पळूलालीस कशाला? पोलीस लागलेत का मागं?’

तुळशीपाशी आले आणि अंगठ्याकडे नजर गेली. अंगठ्याखालचा तो चौकोन शेवाळी रंगाचा होता. हिरवा पण मळकट, वाटाणा जास्त शिजल्यावर होतो तसा. माईकवरचा पोरगा शेवटच्या दोन मिनिटांत हेच सांगत होता: हा रंग म्हणजे लोकांची खाजगी जागा, पाऊल टाकायचं नाही, दार उघडं असलं तरी नाही, कुंपण नसलं तरी नाही. पाऊल टाकलं की बाद. मागचं दार समोर वीस पावलांवर, उघडं. त्यातून पलीकडचा कंदीलसुद्धा दिसत होता. मी तिथे उभी राहिले. काकू म्हणाल्या, ‘पाणी देऊ का?’ पाणी प्यायले, कारण तोपर्यंत एकाही ठिकाणी पाणी ठेवलेलं नव्हतं. ही तक्रार नंबर दोन. आणि आल्या दाराने परत गेले. अख्खा वळसा घेतला. चार मिनिटं.

पुढे दहा नंबरला तर मजाच. नकाशा म्हणतोय एका कोपऱ्यावर लाईटच्या खांबाला कंदील आहे. खांब आहे, कंदील नाही. पाच-सहा पोरं गोल गोल फिरत होती, एक तर खांबावर चढून बघत होता. कोपऱ्यावरची चहाची टपरी माझ्या लाईनवरची, रोजचे पन्नास. टपरीवाला मला बघून म्हणाला, ‘ताई, सकाळी सकाळी तुमी पण? काय हुडकूलालाव सगळे?’ मी म्हटलं, नारिंगी-पांढरा कंदील. त्याने ओट्याखालून साखरेच्या डब्यामागून काढून दिला. दोरी, डबी, सगळं व्यवस्थित गुंडाळून. ‘पहाटे कुणीतरी विसरून गेलं बगा. चोरीला जाईल म्हणून आत ठेवलं. मालक येईल की हुडकत.’ त्या पोरांचे चेहरे! मी आधी पिप् करून घेतलं, मग कंदील परत खांबाला बांधला, पिग्मीच्या पिशवीला मारते तशी दुहेरी गाठ मारून, आणि टपरीवाल्याला सांगितलं की बारा वाजेपर्यंत ह्याला हात लावायचा नाही आणि लावू द्यायचा नाही. आयोजकांना एवढंच सांगते की आदल्या संध्याकाळी आसपासच्या दोन दुकानांत ‘उद्या असं असं आहे’ म्हणून सांगितलं असतं तर हे झालंच नसतं. लोक वाईट नाहीत, उलट फार जपणारे आहेत, तोच घोटाळा झाला.

आणि आता तो पाचवा स्टार. अकरावरून बारावर जाताना, दत्त चौकाच्या अलीकडे, नकाशात एक अरुंद बोळ सरळ आरपार दाखवलाय. त्या बोळाला मधे लोखंडी गेट आहे. सोमवार ते शनिवार ते सताड उघडं असतं, रविवारी दुकानं बंद म्हणून त्याला कुलूप. ज्यांनी नकाशा काढला ते कामाच्या दिवशी फिरले असणार. मला गेटचं माहीत होतं, कारण एकदा एका रविवारी लग्नाची पत्रिका द्यायला गेले होते आणि परत फिरले होते. मी नकाशाकडे न बघता बाहेरच्या रस्त्याने गेले. माझ्यामागून आलेल्या त्या उड्या मारणाऱ्या बाई, आमच्या गटातल्या, बोळात शिरल्या, गेटला धडकल्या, परत आल्या. मला त्या हिशेबात चांगली तीन मिनिटं फुकट मिळाली.

नवी पेठेतली बारा आणि तेरा पटापट झाली. चौदा पार्क चौकाच्या बाजूला, आणि मग होम मैदानाकडे धाव. शेवटी धावले मी, खरंच. कुत्र्यांनी मदत केली.

शेवटी टेबलावर काडी दिली की एका छोट्या मशीनमधून पावती निघते. अगदी आमच्या पिग्मी मशीनसारखा कागद, तोच चार महिन्यांत पुसट होणारा. त्यावर एकेका ठिकाणाची वेळ, मधल्या टप्प्याची वेळ, शेवटी एकूण: १ तास १२ मिनिटं ४० सेकंद. सरळ रेषेत मोजलं तर ३.१ किलोमीटरची शर्यत. जागतिक स्पर्धेत शहरातली छोटी शर्यत पहिला येणारा बारा ते पंधरा मिनिटांत संपवतो, असं भाचा म्हणाला. म्हणू दे. त्याने स्वतः नऊ नंबर सोडून थेट दहा घेतला होता, त्यामुळे त्याची पावती माझ्याआधीच बाद.

मी लॅपटॉपवाल्या पोराला सांगितलं, मी त्या शेवाळी रंगात गेले होते, तुळशीपर्यंत, आणि परत आले. तो बावरला. ‘मॅडम, कुणी बघितलं का?’ मी म्हटलं, काकूंनी बघितलं. मग त्याने त्यांच्या मोठ्या सरांना बोलावलं. सर चाळिशीचे, मराठी बोलणारे. त्यांनी शांतपणे सांगितलं की फायदा घेतला नाही हे मान्य, पण नियमाने बाद करावं लागेल. लोकांच्या अंगणातून शर्यतवाले पळायला लागले तर पुढच्या वर्षी ह्या पेठेत कुणी उभं करणार नाही. मला पटलं. दहा रुपये कमी आले तर रात्री मी ते माझ्या पर्समधून भरते, कुणी बघितलं म्हणून नाही, मशीनचा आकडा आणि पिशवीतले पैसे जुळले पाहिजेत म्हणून. ह्या पोरांनी मला बाद केलं, त्याचे मी चारातले दोन स्टार देते. मेडल तरी दिलं. शर्यत संपवणाऱ्या प्रत्येकाला होतं.

मग मी गेटचं विचारलं. तेव्हा मात्र उत्तर आलं, ‘गेट सगळ्यांनाच बंद होतं ना, मग सगळ्यांना सारखंच.’ नाही ओ सर, सारखं नाही. मला माहीत होतं, त्या बाईंना माहीत नव्हतं. तेवढा टप्पा सगळ्यांच्या वेळेतून काढून टाकायला हवा होता, काडीत प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी आहे, काढता येतो. माझं पाऊल मोजलं, त्यांचं कुलूप नाही मोजलं. इथे पाचवा स्टार गेला. त्या बाई दुसऱ्या आल्या. तीन मिनिटांनी पहिल्या आल्या असत्या का ते मी पावत्या जुळवून बघितलं नाही, पण त्या बघत होत्या.

बायकांसाठी अजून एक. होम मैदानावर त्यांनी बायकांच्या स्वच्छतागृहाची सोय केलेली नव्हती. आम्हाला मंदिराकडे जा म्हणून सांगितलं. सकाळी पावणेसातपासून दहापर्यंत थांबायचं असेल तर हे फीमध्ये धरा, हवं तर टी-शर्ट देऊ नका.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या कडक भाकरी मोडत ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘ह्यात नवीन काय गं? अडुसष्ट लिंगं पायी करतोच की आपण.’ बरोबर आहे त्यांचं. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, आणि गड्ड्याच्या जत्रेत यण्णिमज्जनाला, म्हणजे तेलाच्या अभिषेकाच्या दिवशी, नंदीध्वजांच्या उंच काठ्या त्या सगळ्यांना प्रदक्षिणा घालतात. सासूबाई गुडघे दुखायच्या आधी पायी करायच्या, कुठलं लिंग कुणाच्या वाड्यात, कुठलं दुकानाच्या मागे, कुठलं झाडाखाली, कागद न घेता. मी विचारलं, मग बोळातल्या गेटला कुलूप असलं तर? ‘हाक मारायची. किल्ली घेऊन येतात.’

जाणाऱ्यांसाठी: तळ चांगला धरणारे बूट घाला, पेठेतल्या शहाबादी फरश्यांवर सडा घातलेला असतो, पाय सटकतो. पाण्याची बाटली स्वतःची न्या. पोरांना दहा-बारा वर्षांपासून पुढे न्यायला हरकत नाही, त्यांच्यासाठी छोटा वेगळा मार्ग होता आणि तो रहदारीपासून लांब, मैदान आणि तलावाच्या बाजूनेच ठेवला होता, हे चांगलं केलं. पळता येत नसलं तरी चालेल, निम्मे लोक चालतच होते. गाव पाठ आहे म्हणून जाऊ नका, माझ्यासारखं तुळशीपाशी उभं राहावं लागेल.

नकाशा मी ठेवलाय. सोमवारी वसुलीला जाताना पिशवीत टाकला आणि त्या बोळात उभं राहून निळ्या पेनाने गेट काढलं, त्यांच्याच पद्धतीने: एक जाड रेघ आणि तिच्यावर जोडीने दोन दोन काटे, म्हणजे ओलांडता न येणारं कुंपण. शेजारी लिहिलं, ‘फक्त रविवारी’. फोटो काढून आयोजकांना पाठवला. रात्री उत्तर आलं, ‘थँक यू मॅम, अपडेट करतो.’ आणि काकूंनी त्या दिवशी दोनशे भरले. म्हणाल्या, शंभर कालचे, काल घेतलेच नाहीस की.